डबे चार झाले, हात तेच राहिले

मार्चमधला रविवार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटिंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा, आणि विषय एकच : कचरा. दिल्लीहून नवे नियम आले होते. १ एप्रिल २०२६ पासून घरोघरी कचऱ्याचे चार भाग करायचे. ओला एक, सुका दुसरा, सॅनिटरी तिसरा, आणि बल्ब, जुनी औषधं, रंगाचे डबे, पाऱ्याचे थर्मामीटर असला 'विशेष काळजी'चा चौथा.

सेक्रेटरीनं नोटीस वाचली आणि गलका उठला. घर पेटल्यावरसुद्धा इतका उठला नसता. "किचनमध्ये चार डबे ठेवायला जागा कुठाय?" "टॅक्स भरतो ना आम्ही? मग निवडायचं आम्हीच?" "नोकरी करायची का कचरा चिवडत बसायचं?" मग एक पिकल्या केसांचे, रिटायर्ड, अतिशय सज्जन गृहस्थ उठले. आवाज न चढवता म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात? ह्या बायकांना सवय असते. त्याच वेगळं करतात. पन्नास रुपये जास्त द्या त्यांना."

सगळ्यांना पटलं. टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या आईनं चाळीसेक वर्षं पुण्यात कचरा वेचला. त्या कचऱ्यावर मी वाढलो, शिकलो, नोकरीला लागलो, कर्ज काढून ह्या सोसायटीत वन रूम किचन घेतलं. आणि त्या रविवारी मी तोंडातून शब्द काढला नाही. चहा संपवला, कप चुरगाळला, ओल्या-सुक्याच्या एकाच डब्यात टाकला आणि वर आलो.

ही कबुली आधी. परिषदेत मनुस्मृतीच्या चिंध्या करायच्या, भिंती रंगवायच्या, आणि शेजाऱ्यासमोर मूग गिळून बसायचं, असले बहाद्दर आपल्यात थोडे नाहीत. मीही त्यातलाच निघालो. मित्रांनो, म्हणून हा लेख. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथं बोलतोय.

सवय असते म्हणे. ही सवय कुणी लावली?

माझा आजा येसकर होता. गावात जनावर मेलं की ओढायला आमचा माणूस. वेस झाडायला आमचा माणूस. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायला आमचा माणूस. बदल्यात दारोदार फिरून शिळी भाकरी. ह्याला वतन म्हणायचे! बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मेल्याचं खाऊ नका, ही कामं टाका. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचं बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. आज्यानं काठी खाली ठेवली. पण हाताला दुसरं काम कुणी दिलं? जमीन कुणी दिली?

मग १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाडा करपून गेला. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. आज्जीनं आठ वर्षांच्या माझ्या आईचं बोट धरलं आणि पुणं गाठलं. त्याच साली मुंबईत पँथर जन्माला आली. इकडं पोरं डरकाळ्या फोडत होती आणि तिकडं माझी आज्जी खांद्यावर पोतं टाकून कोंडाळ्यात वाकत होती. पँथरचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिली गोष्ट लिहिली. दुसरी लिहायची राहिली. काठी गेली, पोतं आलं. गाव गेलं, कोंडाळं आलं. आमची ती सवय ही अशी तयार झाली.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात नुसती कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. ज्यांना कचऱ्याचे चार भाग करता येत नाहीत, त्यांनी माणसांचे चार वर्ण केले, वर पाचवा गावाबाहेर ठेवला आणि तीन हजार जातींत तो बिनचूक सांभाळला. कोण कुठल्या भांड्यातून पाणी पितो, कोण कुठल्या दारातून येतो, हे ह्यांना अंधारात कळतं. आणि केळीची साल कुठं आणि दुधाची पिशवी कुठं, हे मात्र उजेडातही कळत नाही! वर्गीकरणात ज्यांचा हात धरणारा जगात कुणी नाही, ते म्हणतात वर्गीकरण अवघड आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. शिव्या घालण्याआधी वाचलं पाहिजे. आपली पोरं वाचत नाहीत.

२००० सालच्या नियमांत कचरा वेगळा करायचं काम नागरिकांना समजावून सांगा, प्रोत्साहन द्या, एवढंच होतं. म्हणजे विनंती. २०१६ च्या नियमांनी ते घरावर बंधन केलं. ज्याच्या घरात कचरा तयार होतो त्यानंच तो वेगळा करून द्यायचा, न दिला तर दंड, आणि उचलणाऱ्याला शुल्क. त्याच नियमांत 'कचरावेचक' हा शब्द आला. त्यांच्या संघटना ओळखा, त्यांना घरोघरच्या कामात सामावून घ्या, असं पालिकांना सांगितलं.

ज्यानं घाण केली त्यानं ती हातानं वेगळी करायची! सरकारी मराठीत हे वाक्य बेचव वाटतं. पण ह्या देशात ते काय आहे ते समजून घ्या. हजारो वर्षं इथला धर्म सांगत आला की घाण एकानं करायची आणि हात दुसऱ्यानं लावायचा. घाण करणारा पवित्र, हात लावणारा अपवित्र. २०१६ च्या त्या एका ओळीनं हा व्यवहार कागदावर तरी उलटा केला. तो नियम लिहिणाऱ्या साहेबांना हे कळलं होतं का, मला ठाऊक नाही. सोसायटीतल्या सज्जनांना मात्र बरोबर कळलं. त्यांचा विरोध डब्याच्या जागेला नाहीच. फ्रीजला जागा होते, दुसऱ्या टीव्हीला होते, कुत्र्याच्या गादीला होते. डब्याला होत नाही, कारण डब्यात हात घालावा लागतो.

पण त्याच २०१६ च्या नियमांत एक भोक होतं. वापरलेले पॅड आणि डायपर नीट गुंडाळायचे आणि टाकायचे कुठं? तर सुक्या डब्यात! सुका डबा कुणापुढं उघडतो? वेचणाऱ्या बाईपुढं. पुठ्ठा काढायला, बाटली काढायला ती हात घालते आणि हाताला रक्त लागतं. कंपन्यांनी पुन्हा वापरता येईल असा माल बघावा, नाहीतर प्रत्येक पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवी द्यावी, असंही तिथं लिहिलं होतं. आईला, मावशीला विचारलं, अशी कंपनीची पिशवी किती वेळा हाती आली? दोघी हसल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॅड मिळाला तरी ती बाई देवमाणूस, असं मावशी म्हणते. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढा म्हणून घरोघर सांगितलं. एक ठिपका. पेनानं काढायचा ठिपका! त्यासाठीसुद्धा वर्षानुवर्षं विनवण्या.

बाई बाजूला बसली की ज्यांच्या देवघराला विटाळ होतो, स्वयंपाकघराला होतो, लोणच्याच्या बरणीला होतो, त्यांनी तोच पॅड उघडा दुसऱ्या बाईच्या हातात द्यावा आणि तिच्या हाताला काही होत नाही असं समजावं, ह्याला कुठलं शास्त्र म्हणायचं? आमचा हात काय हात नाही? का तो आधीच इतका विटाळलाय की त्याला आणखी विटाळ होऊच शकत नाही?

२०२६ च्या नियमांनी सॅनिटरीचा तिसरा डबा केला. दहा वर्षं लागली. ठीक आहे, आम्ही त्याचं स्वागत करतो. पण स्वागत करताना डोळे उघडे ठेवतो. कारण डब्यांचा प्रत्येक बदल आमच्या बायकांच्या पोटावरून जातो, हे आम्ही तीन वेळा पाहिलंय.

पहिल्यांदा पाहिलं ते कुंडी उठली तेव्हा. शहर कुंडीमुक्त करायचं म्हणून रस्त्यावरची कोंडाळी उचलायला सुरुवात झाली. नागरिकांनी सुटकेचा श्वास सोडला. वास गेला, कुत्री गेली. पण त्या कोंडाळ्यावर चार-पाच घरं जगत होती, ती कुठं गेली? हे कुणी विचारलं नाही. पुण्यात विचारलं गेलं, कारण बायका संघटित होत्या. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव पुढं होते. माझा बाप हमाल पंचायतीचा मेंबर, त्यामुळं आई पहिल्यापासून तिथं गेली. पंचायतीचं ओळखपत्र आणि त्यावर पालिकेची मान्यता, हा आमच्या घरातला आईचा फोटो असलेला पहिला कागद. तोवर पोलिस पोतं उलटं करायचे, चोरीचा माल कुठाय म्हणून विचारायचे. कार्ड आल्यावर आई पोलिसाला म्हणाली, "हात लावू नगा, म्या कामगार हाय." हे सांगताना तिची मान अजून ताठ होते.

पुढं २००७ साली 'स्वच्छ' ही ह्या बायकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली, २००८ साली पालिकेबरोबर करार झाला. कोंडाळ्यात वाकणारी बाई दारात उभी राहिली. बेल वाजवायची, बादली घ्यायची, महिन्याला घरामागं ठरलेले पैसे घ्यायचे, आणि सुक्यातलं जे विकलं जाईल ते तिचं. हा खरा बदल होता आणि तो भांडून मिळवलेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आढाव गेले. त्यांना आदरांजली वाहणाऱ्या किती जणांच्या घरात वेगळा सुका डबा आहे, एवढंच मला बघायचंय.

दुसऱ्यांदा पाहिलं ते गाडी आली तेव्हा. कचरा गोळा करण्याचं अर्थशास्त्र साधं आहे, ते पोरांनी पाठ करावं. वेचणाऱ्या बाईचे पैसे दोन ठिकाणांहून येतात : घराचं शुल्क आणि भंगार. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, प्रत्येकाचा भाव वेगळा. पुठ्ठा भिजला की भाव पडला. रद्दीवर आमटी सांडली की भंगारवाला वजनात कापतो. म्हणजे तुमच्या किचनमधला आळस तिच्या मजुरीतून वसूल होतो. आता ठेकेदाराची दाबयंत्राची गाडी घ्या. ती ओलं-सुकं सगळं एकत्र दाबते. दाबलं की आमटी पुठ्ठ्यात, पुठ्ठा भातात, विकण्यासारखं काही उरत नाही. आणि जिथं ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, तिथं त्याला वेगळं करण्यात काय गोडी? जितकं जड तितकं बरं. बाईला हलका, कोरडा, वेगळा कचरा पाहिजे. ठेकेदाराला जड, ओला, एकत्र. आता सांगा, पर्यावरण कोण वाचवतंय? वर्तमानपत्रात फोटो कुणाचा येतो?

मावशीचंच बघा. एका मोठ्या सोसायटीत नऊ वर्षं ती जात होती. गेल्या वर्षी कमिटीनं सांगितलं, पहिल्यापासून येऊ नका, आम्ही गाडी लावली. का हो? "गाडी प्रोफेशनल आहे." गणवेशातला ड्रायव्हर, गाण्याचा भोंगा. महिन्यानं त्याच सोसायटीतली कामवाली मावशीला म्हणाली, गाडीवाला सुकं सगळं उचलतो आणि ओलं तीन-तीन दिवस तसंच ठेवतो, तुमी या की परत. कमिटीचा निरोप आला : ओलं तेवढं घेऊन जा. म्हणजे पैशाचं सुकं गाडीला आणि सडलेलं मावशीला! गाईच्या दुधाला मालक वेगळा आणि मेलेल्या गाईला ओढायला महार वेगळा, ही गावातली रीत लिफ्ट असलेल्या इमारतीत जशीच्या तशी. मावशी गेली नाही. तिनं पलीकडच्या गल्लीत साठ घरं धरली. पूर्वी एकशेऐंशी होती.

तिसरी पाळी आता येतेय. नव्या नियमांत सिमेंटच्या भट्ट्यांनी त्यांच्या जळणात कचऱ्यापासून केलेल्या जळणाचा वाटा पाच टक्क्यांवरून सहा वर्षांत पंधरा टक्क्यांवर न्यायचा आहे. कागदावर हे फक्त पुन्हा वापरता न येणाऱ्या सुक्यासाठी आहे. पण भट्टीला भूक लागली की ती पुठ्ठा कुठला आणि चिंधी कुठली हे विचारत नाही. चांगलं जळतं तेच चांगलं विकलं जातं. ज्या कचऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं तोवर तो आमचा. त्यात पैसा दिसला की तो देशाचा!

इथवर मी सांगितलं ते सगळ्यांना पटेल. आता जे सांगतो ते आपल्यातल्या काहींना पटणार नाही.

आपल्या अभ्यासवर्गात मी स्वतः म्हणत आलो की ही कामं सोडली पाहिजेत. बाबासाहेबांनी घाण टाका म्हटलं आणि आपण घाणीवर हक्क मागतोय, ही कसली क्रांती? कचऱ्यावर हक्क म्हणजे नवं वतन. लाड-पागे समितीच्या शिफारशींचं बघा. सफाई कामगार मेला किंवा रिटायर झाला की त्याच्या वारसाला नोकरी. पेढे वाटतात घरोघर. बापाचा झाडू पोराच्या हातात. कलेक्टरच्या पोराला बापाची खुर्ची वारसानं मिळत नाही, डॉक्टरच्या पोरीला दवाखान्यातली नोकरी वारसानं मिळत नाही; देशात वारसानं मिळणारी सरकारी गोष्ट एकच, झाडू. हा हक्क का हा पिंजरा?

हे सगळं मी मीटिंगच्या त्या रात्री आईला ऐकवलं. जरा आवाज चढवूनच, कारण दुपारी गप्प बसल्याची लाज कुठंतरी काढायची होती. म्हटलं, मावशीला सांग, सोड म्हणावं आता ते काम. काही इज्जत आहे का त्यात?

आई तांदूळ निवडत होती. ताटातून खडे बाजूला काढता काढता म्हणाली, "सोडून काय करू म्हनतोस तिनं? धुणीभांडी? तितं तर दुसऱ्याच्या न्हाणीत वाकायचं, आन् मालकिणीचं बोलणं येगळं. हितं मालक न्हाई. सकाळी जायचं, दुपारी मोकळं. काम वंगाळ न्हाई, लेकरा. आपल्याच गळ्यात बांधलंय ते वंगाळ हाय. आन् काम सोडा म्हनणारे लई भेटले. दुसरं काम देणारा एक न्हाई भेटला."

थोड्या वेळानं म्हणाली, "तू सकाळी उतरताना डबा येगळा करतुस का?"

मी करत नव्हतो. बायको करत होती.

मित्रांनो, ह्या एका प्रश्नानं माझी सगळी क्रांती ताटातल्या खड्यासारखी बाजूला पडली. घराघरात चार डबे येणार, पण ते करणार कोण? सवर्णांच्या घरात बायको नाहीतर कामवाली. आणि आमच्या घरात? समतेवर भाषणं झोडणाऱ्या आमच्याही घरात बायकोच! जातीची उतरंड सोसायटीच्या फाटकाशी सुरू होत नाही, ती ओट्याखालच्या डब्यापाशी सुरू होते. आणि १५ एप्रिलची सकाळ आठवा. १४ तारखेला रात्रभर मिरवणूक, डीजे, निळा गुलाल, अन्नदानाच्या पत्रावळ्या, पाण्याच्या हजारो बाटल्या. सकाळी ते उचलायला कोण येतं? आपल्याच आया, आपल्याच मावश्या, मातंग बहिणी, वाल्मिकी, मेघवाळ भाऊ. बाबासाहेबांच्या जयंतीचा कचरा उचलायला तेच हात, जे बाबासाहेबांना मोकळे करायचे होते. प्रस्थापितांना जाब विचारायचा हक्क आपल्याला आहेच. पण आपल्या दारात कुणी जाब विचारला तर आपण काय उत्तर देणार?

तेव्हा काम सोडा का हक्क मागा, हा वादच मला आता खोटा वाटतो. दोन्ही मागायचं. आज जी बाई ह्या कामात आहे तिला पुरा हक्क. उद्या तिच्या पोरीला ह्या कामातून पुरी सुटका. आणि काम? काम जातीचं राहता कामा नये. ते पगाराचं, यंत्राचं, हातमोज्याचं, युनियनचं काम झालं पाहिजे, असं की पिकल्या केसांच्या त्या सज्जनांच्या नातवालाही त्यासाठी अर्ज करावासा वाटेल. ज्या दिवशी तो अर्ज करील त्या दिवशी मी म्हणेन हा नुसता व्यवसाय आहे. तोवर ती जात आहे.

हे स्वप्नरंजन आहे का? मुंबईकडं बघा. झोपडपट्ट्या झाडणाऱ्यांना योजनेच्या कागदावर 'स्वयंसेवक' म्हटलं आणि पगाराला 'मानधन'. म्हणजे माणूस सेवेसाठी गटारात उतरतो, पोटासाठी उतरत नाही! पण त्याच मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या कंत्राटी कामगारांनी वर्षानुवर्षं कोर्ट लढवलं, औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ साली त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंही २,७०० कामगारांना कायम करा म्हणून सांगितलं. तो निकाल झाडू हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांनी दिला नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला सगळ्या देशानं झाडू धरला, गांधीजींचा चष्मा भिंतीभिंतीवर रंगवला. २०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. आम्ही पाय धुवा म्हणून कधी मागितलं नव्हतं. पायांत बूट मागितले होते.

तर आमचं म्हणणं असं :

एक. कचरा ज्याच्या घरात होतो त्यानंच वेगळा करायचा. कामवालीच्या हातानं नाही, पन्नास रुपये जास्त देऊन नाही. न केल्यास दंड घराला. उचलणाऱ्या बाईची मजुरी कापायची नाही.

दोन. सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क वेचणाऱ्याचा. भट्टीला, ठेकेदाराला जे द्यायचं ते तिनं निवडून झाल्यावर उरलेलं.

तीन. ओलं आमच्याकडं आणि सुकं गाडीकडं, ही वाटणी बंद. ज्याच्याकडं घर, त्याच्याकडं घरातलं सगळं आणि त्याचं शुल्कही.

चार. वर्गीकरणाला प्रत्येक वॉर्डात छप्पर, पाणी, संडास. फुटपाथवर उन्हात पुठ्ठे मोजणारी बाई हे स्वच्छ शहराचं चित्र नाही.

पाच. पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी गुंडाळायची पिशवी पाकिटातच द्यावी. न दिल्यास पालिकेनं त्यांना जाब विचारावा. आमच्या बायकांनी दारोदार लाल ठिपक्याचा जोगवा का मागायचा?

सहा. वेचणाऱ्यांच्या पोरांना शिष्यवृत्ती, वसतिगृह, आणि वारसाहक्कानं नोकरी द्यायचीच तर पोराच्या शिक्षणाप्रमाणं कुठल्याही खात्यात. झाडूच का?

आणि सातवं आपल्यासाठी. जयंतीचा कचरा जयंती करणाऱ्यांनी उचलायचा. घरातला डबा पुरुषानं वेगळा करायचा. हे न करणाऱ्यानं ह्या मासिकात लिहू नये. मीसुद्धा.

यंदा १५ एप्रिलला आमच्या जुन्या वस्तीतली पंधरा-वीस पोरं पहाटे पाचला उतरली. हातमोजे, पोती, दोन ढकलगाड्या. चौक साफ करायला तीन तास लागले. एक पोरगा आठ वाजता कंबर धरून बसला आणि म्हणाला, "च्यायला, आई हे रोज करायची?" त्या पोराला मी आता अभ्यासवर्गात पुस्तक देण्याची घाई करणार नाही. पहिला धडा त्याचा झालाय.

आणि सोसायटीत दुसरी मीटिंग एप्रिलच्या शेवटी झाली. पुन्हा तेच. जागा नाही, वेळ नाही, सवय त्यांना आहे. ह्या वेळी मी उठलो. पाय कापत होते, खोटं सांगणार नाही. म्हटलं, "ज्या बायकांना सवय आहे म्हणता त्यातली एक माझी आई. तिच्या हातावर काचेचे अकरा व्रण आहेत. मोजलेत मी. ती सवय नाही, ती जखम आहे. आता मतदान घ्या."

कुणी काही बोललं नाही. सज्जन गृहस्थ चहाच्या कपात बघत राहिले. चार डब्यांचा ठराव झाला. बत्तीसपैकी अठरा घरं खरोखर वेगळं करून देतात, असं आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई सांगतात. उरलेल्या चौदा घरांत दोन आपली आहेत. त्यांच्या दारात मी येत्या रविवारी जाणार आहे.

शेजारी आता जरा जपून बोलतात. लिफ्टमध्ये एखादा पाठ करून उभा राहतो. राहू दे. माणसांचं वर्गीकरण त्यांना येतंच. कचऱ्याचं शिकतायत हळूहळू.

जय भीम!